कमरेचे माप

मित्रांनो, माझ्यावरचे पहिले चार आकडे आता पुसट झाले आहेत. मी बारामतीतल्या आबाजी शिंप्यांची मोजपट्टी. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी मला पुण्याहून आणले आणि तेव्हापासून मी त्यांच्याच गळ्यात राहिले.

कचेरीतले कारकून बुद्धघोष दर एप्रिलात जयंतीसाठी नवी पँट शिवायला यायचे. पहिल्या वर्षी त्यांची कंबर एकतीस भरली. तेव्हा ते सांगवीहून सायकलने येत. पुढे बारामतीत घर झाले, स्कूटर आली, दिवसभराची खुर्ची आली, गोड चहा वाढला. पंच्याण्णव साली कंबर अडतीस झाली. लोक म्हणत, बुद्धघोषराव सुखात आहेत. माझेही कौतुक होई, की आबाजींचे माप कधी चुकत नाही.

शहाण्णवच्या एप्रिलात मात्र कंबर चौतीसच भरली.

"व्यायाम करताय का?" आबाजींनी विचारले.

"न्हाय हो. उलट जेवण दुप्पट झालंय. तुमची टेपच ताणली असंल, आबा. टाकून द्या आता."

मला फार लागले. आबाजींनाही माझा संशय आला. शेजारच्या कापड दुकानातला लोखंडी मीटर आणून त्यांनी मला त्यावर धरले. मी तसूभरही ताणलेली नव्हते. तेवढ्यात बुद्धघोषांनी माठातले तीन तांबे पाणी रिचवले आणि दोनदा दुकानामागे जाऊन आले. आबाजींचा संशय आता दुसरीकडे वळला.

"राग मानू नका. माझा थोरला भाऊ असाच वाळला. लई तहान, लई भूक. साखर हाय हे कळलं, तवर पायाची जखम चिघळली हुती. तुमच्या घरात कुणाला हाय का?"

"आईला हुती. पण ती म्हातारी. मी एकोणचाळीसचा हाय." बुद्धघोषांनी डोळे बारीक केले. "मी आजारी हाय, असं कचेरीतलं कोण सांगून गेलं तुमाला?"

आणि कापड उचलून ते निघून गेले.

आठवड्याने त्यांची पत्नी अंजली तेच कापड घेऊन आली. "दुसऱ्या शिंप्यानंही चौतीसच सांगितलं. मग गुमान रक्त तपासायला गेले. साखर लई निघाली, आबा. डॉक्टर म्हणाले, शहरात आता चाळिशीच्या आतलेही लई येत्यात. आईकडून आलेलं, त्यात बैठं काम आन् सुटलेलं पोट."

दोन महिन्यांनी बुद्धघोष दुकानात आले, ते पायी.

"आता कचेरीत कुणी सारखं पाणी प्यायला लागलं, की मला संशय येतो," ते म्हणाले. मग त्यांनी मला आबाजींच्या गळ्यातून काढले. "उभं राहा."

"मला काय झालंय?"

"भावाला साखर हुती. तुमी दिवसभर मशीनवर बसता. सवताला कधी मोजलंय का?"

आठ वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या मालकाच्या कमरेभोवती फिरले. बेचाळीस. आबाजींनी आकडा दोनदा वाचला, भर दुपारी दुकान बंद केले आणि ते बुद्धघोषांबरोबर दवाखान्यात गेले. त्यांची साखर काठावर निघाली. आता ते रोज तासभर चालतात, आणि मी तेवढा वेळ खुंटीवर असते.

मित्रांनो, मला फक्त घेर कळतो, रक्तातले काही दिसत नाही. घरात कुणाला साखर असेल, पोट सुटत असेल, काम बैठे असेल, तर स्वतःवर थोडा संशय घ्या आणि वेळेत तपासून घ्या. आबाजी अजून गिऱ्हाइकांची मापे घेतात. त्यांचा भाऊ मात्र त्या जखमेनेच गेला; तो वाळत होता, तेव्हा त्याचे माप घ्यायला मला कुणी नेले नव्हते.