शेळी दोन्हीकडे हवी

‘सातव्या विहिरीतलं राज्य’ हे पुस्तक तिघांचं होतं. गणेशोत्सवातल्या पाठांतर स्पर्धेत शामला, वनमाला आणि मधुसूदन यांना सारखे गुण पडले आणि बक्षीस मात्र एकच होतं. तेव्हापासून दोन वर्षं पुस्तक दर रविवारी एका घरून दुसऱ्या घरी जात होतं. त्याच्या पाळीवरून तिघं कधी भांडली नाहीत. भांडायची ती त्यातल्या तीन पायांच्या शेळीवरून.

छप्पन साली नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला ठरली आणि शामलाच्या आप्पांचं ऑफिस ग्वाल्हेरहून तिकडे निघालं. दिवाळी उरकली की निघायचं होतं.

“पुस्तक इथंच ठेव,” आई म्हणाली. “ते दोघं, तू एकटी.”

आईचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच ते शामलाला जास्त लागलं. पुस्तक गेलं की रविवार गेला. आणि रविवारच नसला, तर या दोघांना तिची आठवण यायचं कारण काय?

तोड मधुसूदनने काढली. “ऑफिसांची वाटणी होतेय ना? आधा सामान इधर, आधा उधर. तशीच किताबची करू.”

“पुस्तक फाडायचं?” वनमालाने कानांना हात लावले. “विद्या रुसेल, मेल्या!”

तरी तिघं इंदरगंजला महिपतरावांच्या दुकानात गेली. महिपतराव पूर्वी महाराजांच्या पलटणीत होते. पलटण मोडल्यावर त्यांनी बाइंडिंगचं दुकान टाकलं होतं.

“फाडायचं कशाला? उसवायचं,” ते म्हणाले. “बोला, कुठे?”

“एकशे चारवर,” वनमाला म्हणाली. “तिथे प्रकरण संपतं.”

महिपतरावांनी पुस्तक उघडून पाठीशी डोळा लावला. “तिथे नाही जमायचं, बेटा. सोळा-सोळा पृष्ठांचे गठ्ठे शिवलेत. एकशे चार म्हणजे गठ्ठ्याची मधली घडी. तिथे कापलं तर सगळे कागद सुटे होतील. शहाण्णव घ्या, नाहीतर एकशे बारा.”

“शहाण्णव!” वनमाला म्हणाली. “चिमी उतरते त्या विहिरीच्या पायऱ्या सगळ्या पहिल्या भागात येतात. शामलाला त्याच आवडतात.”

“आणि शेळी? ती नव्व्याण्णववर येते,” मधुसूदन उसळला. “बिना बकरी की किताब घेऊन ही काय करेल?”

“सुखाने वाचेल. बडबडी आहे तुझी शेळी. खरी गंमत शेवटी आहे, स्वतःच्या प्रतिध्वनीला घाबरणारा राजा हसतो तेव्हा.”

“वो राजा? सुतकात बसल्यासारखा असतो!”

“अरे, माझ्या दुकानात पानिपत नको,” महिपतराव म्हणाले.

शामला इतका वेळ बोटांवर मोजत होती. “एकशे बारा,” ती म्हणाली. “शेळी पहिल्या भागात येते आणि दुसऱ्यातही राहते. दोन्हीकडे शेळी असलेली जागा ती एकच आहे.”

वनमालाने पान उघडलं. “पण इथे तर वाक्यच अर्धं आहे! ‘शेळी म्हणाली, पुढे बघून चाल चिमे, तुझ्या मागे’... आणि संपलं.”

“असू दे,” शामला म्हणाली. “उन्हाळ्यात भाग बदलू.”

मधुसूदनने जरा डोकं खाजवलं. “ठीक आहे. पहिला तू ले जा. पायऱ्या तुझ्याच आहेत. बकरी को संभाल के रखना.”

भोपाळला शेजारी इंदूरहून आलेली उषा राहत होती. तिने दोन दिवसांत पहिला भाग संपवला आणि धावतच आली.

“तुझ्या मागे काय? मागे कोण?”

“पुढचं ग्वाल्हेरला आहे.”

“तुला माहितेय. सांग ना गं!”

शामलाला ते पाठ होतं. पण तिने पोस्टकार्ड काढलं आणि लिहिलं, ‘इथे एक वाचक एकशे बारावर अडली आहे. पुढचे शब्द कळवा.’

आठव्या दिवशी, शनिवारी, उत्तर आलं. वर ठळक अक्षरांत दोनच शब्द होते: ‘मी आहे.’ खाली मधुसूदनने शेळी काढली होती. चुकून चार पाय काढून मग एक खोडला होता. अगदी तळाशी वनमालाचं सुरेख अक्षर होतं: ‘शेळी बडबडी आहे, हे माझं मत कायम आहे.’

शामलाने ते दोन शब्द पुन्हा वाचले. मग कार्ड उषाच्या हाती दिलं.

“बडबडी?” उषा ओरडली. “कोण गं ही वनमाला? सबंध पुस्तकात शहाणं बोलणारी ती एकटी शेळीच आहे! पत्ता दे तिचा. आत्ताच लिहिते.”

“उद्या ये,” शामला म्हणाली. “आमच्यात हे भांडण रविवारी असतं.”