वाकड्या रोपाची मुलाखत

नोकरभरती खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांनी डेलिली या फुलझाडाच्या दोन जातींचा संकर करून बी पेरलं, तेव्हा त्यांच्या बायकोने ते चालवून घेतलं. पण रोपांना पहिली फुलं आली आणि साहेब सकाळीच कोट चढवून वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसले, तेव्हा तिने विचारलंच, "अहो, हे काय?"

"निवड. चांगली ठेवायची, बाकीची उपटायची. फूल संध्याकाळी मिटतं, म्हणजे आजच उरकायला हवं."

सरळ दांड्याची, स्वच्छ रंगाची रोपं पटापट पास झाली. मग कुंपणाजवळच्या वाकड्या रोपाची पाळी आली. त्याचं फूल चहा पुसलेल्या फडक्यासारखं मळकट होतं. साहेबांनी खुरपं उचललं, घसा खाकरला आणि रोपाला म्हणाले, "दुपारी कळवतो."

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आमच्या भिंतीची सावली पडते हो त्याच्यावर. जरा सांभाळून घ्या."

"शिफारस चालत नाही," साहेब म्हणाले, पण त्यांना हायसं वाटलं. नोकरीत त्यांनी हजारोंना नाकारलं होतं; तसं कळवायचं काम मात्र कारकुनाचं असे.

"द्या इकडे, मी उपटते," बायको म्हणाली.

साहेबांनी खुरपं पाठीमागे लपवलं.

संध्याकाळी फूल मिटलं. साहेब कोट झटकत उठले. "उमेदवार थकलाय. उद्या दुसरी कळी उमलेल, तेव्हा परत बोलावू."

"बोलावताय कुठून? ते जाणार आहे का कुठे?" बायको म्हणाली. खुर्ची मात्र तिने बाहेरच राहू दिली.