फेस मारणारी काडी

सेलेरीनोभाऊंच्या अंगणात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. लोक काचेचे पेले घेऊन आले होते आणि पेल्यात काय होतं हे सांगायला संकोच वाटतो, पण ते सांगितल्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. लघवी. ज्याची त्याने घरून आणलेली. पांढऱ्या सदऱ्यातले भाऊ प्रत्येक पेला उंच धरून हलवत, वर फेस येऊ देत, मग शेजारच्या मडक्यातून ताडाच्या झावळीची एक काडी काढून, डोळे मिटून पेल्यात फिरवत. फेस बघता बघता फुटून जाई आणि बायका छातीवर क्रूस काढत.

"हे चाकूचं विष," भाऊ सांगत. "दवाखान्यात पाय कापतात आणि विष रक्तात सोडून देतात. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं. त्यांचं यंत्र नुसतं मोजतं. मी काढतो. मोजणारा मोठा की काढणारा?"

"काढणारा," सगळं अंगण म्हणे.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. एरवी असल्या ठिकाणी फिरकलेही नसते, पण त्या रांगेत माझी थोरली बहीण एउलालिया, आमची लाला, खुर्ची टाकून बसली होती. बरीच वर्षं मधुमेह. त्यात पायाचं बोट सडलं आणि ओआहाका शहरातल्या दवाखान्यात ते कापावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर बेर्नाल या तरुण बाईंनी बजावलं होतं, "साखरेनं मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं. ऑपरेशन, जखमेतला जंतू, औषधं, सगळ्याचा भार त्याच्यावरच पडतो. रक्त-लघवी तपासायला पुढच्या आठवड्यात यायचंच. आणि मला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही."

लालानं मान डोलावली आणि ती घरी आली. लघवीला फेस येऊ लागला तेव्हा ती हसून म्हणाली, "अंगात अजून दम आहे म्हणायचा." आमच्या गावात फेसाला कोणी भीत नाही. लग्नाबारशात मक्याच्या गरम पेजेवर कोकोचा थंड फेस चढवतात, तो जितका उंच उभा राहील तितका घरचा मान मोठा. लालाच्या हातचा फेस तर पाहुणे बोटानं चाटतात. त्यामुळे फेस हे दुखणं असू शकतं हे तिला पटेचना. सेलेरीनोनं विष म्हटलं तेव्हा पटलं, कारण त्यानं ते लगेच घालवूनही दाखवलं.

वर त्यानं जडीबुटी म्हणून पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या. पायाची कळ थांबली आणि लालाचा विश्वास पक्का झाला. पण घोटे सुजले होते, सकाळी तोंड फुगलेलं असायचं, लघवी कमी झाली होती, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. तपासणीचा दिवस तर उलटून गेला होता.

"लाला, चल. गाडी उभी आहे. डॉक्टर दुपारपर्यंतच आहेत."

"मला दुखतंय का? नाही ना? मग?"

"दुखत नाही याचीच भीती वाटतेय."

"तुला सगळ्याचीच भीती. लहानपणी कोंबडीला भ्यायचीस."

रांगेतल्या बायका हसल्या. माझा संताप झाला होता, पण नजर काडीवर होती. फेस सगळा एकदम बसत नव्हता. काडी जिथे शिरे तिथून तो फुटत बाहेर पसरे. असं फुटताना मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं.

शेजारी बारसं होतं. मी जाऊन तुंब्याच्या वाडग्यात कोकोचा फेस घेऊन आले आणि भाऊंसमोर ठेवला.

"भाऊ, हा लालानंच सकाळी घुसळलाय. यात विष आहे?"

"बाई, मस्करी करू नका."

"तुमची काडी विषाचाच फेस मारते ना? मग हा तसाच राहील. एक कोरी काडी घालून दाखवा. राहिला तर मी सगळ्यांदेखत तुमच्या पाया पडते."

भाऊंनी वाडगा दूर सारला. "देवाची काडी खाण्यात घालत नाहीत."

"घाला हो भाऊ," लालाच म्हणाली. "हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे."

"पाप लागेल, एउलालिया."

"ते मला लागू दे." तिनं हात लांबवून मडक्यातली काडी ओढली आणि वाडग्यात फिरवली.

तिचा फेस, लग्नघरांत तास तास उभा राहणारा, काडीभोवती फुटला आणि फुटतच गेला. खाली तपकिरी पाणी उरलं. लालानं काडी नाकाशी नेली, मग दोन बोटांत चोळली.

"चरबी," ती म्हणाली. "डुकराची चरबी."

कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. चरबीच्या थेंबानं फेस मोडतो, म्हणून तो घुसळताना हाताला चरबी लागलेल्या माणसाला आमच्याकडे उंबरठा ओलांडू देत नाहीत. लालानं कमरेची पुडी सोडून वाडग्याच्या काठावर पसरली. भुकटीत गोळीचा नीट न कुटलेला तुकडा निघाला, मधल्या रेघेसकट.

"ही तुमची जडीबुटी?"

"दवाखान्याचे हस्तक," भाऊ उठत म्हणाले. "श्रद्धा नसेल तिथे गुण येत नाही." रांगेतली आमची शेजारीण तिमोतेआ माझ्यावरच डाफरली, "माझा फेस गेला होता, ते बघवलं नाही तुम्हाला." आणि स्वतःची पुडी मुठीत घट्ट धरून निघून गेली.

लाला स्वतःच गाडीत जाऊन बसली. दवाखान्यात डॉक्टर बेर्नालनी तपासणीचे अहवाल वाचले, पुडी उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "पुडीत दुखण्याच्या गोळ्या कुटलेल्या दिसतात. कळ थांबली ती त्यांनी, आणि थकलेल्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी केलं तेही त्यांनीच. निम्म्याहून जास्त काम बंद पडलंय. थोडं परत येईल, सगळं नाही. आज आला नसतात तर रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडावं लागलं असतं."

मला रडू आलं. लाला रडली नाही.

एवढंच सांगायचं आहे. फेस दिसला तर तो रोगाचा निरोप असू शकतो, रोग नव्हे. पेल्यातला फेस कोणीही मोडेल, त्यानं मूत्रपिंड बरं होत नाही. साखर असलेल्या माणसानं ऑपरेशननंतर सूज आली, लघवी कमी झाली, फेसाळली, तर डॉक्टर गाठावा, आणि दुखत नसलं तरी तपासणी चुकवू नये. चमत्कार दाखवणाऱ्याला निदान एवढं विचारावं, दुसऱ्या पेल्यात करून दाखवतोस का?

मी दवाखान्यातल्या पलंगाशी बसले तशी लालानं मला कोपरानं ढकललं.

"इथे काय करतेस? तिमोतेआकडे जा. तिची पुडी अजून चालू आहे."