बुडालेल्या जहाजाची हिरवी मोहर

आमच्या गल्लीत पितळेची भांडी घासून उजळणारी चाळीस घरं. त्या दिवशी एकाही घरात काम चालू नव्हतं. सगळी गर्दी चौकातल्या टेबलाभोवती लोटली होती, आणि टेबलामागे होते पांढऱ्या टोपीतले कप्तानबाबा.

"तीनशे वर्षं समुद्राच्या तळाशी!" बाबांनी हिरवा थर चढलेली मोहर वर धरली. "जहाज बुडालं, माणसं बुडाली, हे सोनं मात्र समुद्राची शक्ती पीत राहिलं. अशा सात मोहरा जमवा, रोज त्यांचं पाणी प्या. छातीचा रोग पळालाच म्हणून समजा!"

मोहर ग्लासातल्या आंबूस पाण्यात पडली. पाणी हळूहळू निळसर-हिरवं झालं. लोकांनी हात जोडले. मीही जोडले, लपवू कशाला?

माझ्या दादाला क्षय होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी उतार पडत होता. पण बाबा म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." दादाने गोळ्या सोडल्या. वहिनीच्या पाटल्या गेल्या, मोहरा आल्या. दादा त्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवायचा, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा. पाणी प्याला की भडाभडा ओकायचा. "रोग बाहेर पडतोय," बाबा सांगायचे. पाचवी मोहर आली तोवर दादाला उठून बसवत नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाईच घरी आल्या. एक मोहर उचलून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दिवसभर भांड्यांवरून काय काढता हो?"

"हिरवा गंज."

"बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं तर?"

"कळकतं. खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात."

"आणि सोन्याला असा गंज चढतो?"

तीस वर्षं ज्या गंजाने माझी नखं हिरवी झाली, तोच मी सख्ख्या भावाला पाजत होतो.

भांडी धुवायचं तेजाब वहिनीने अंगणातल्या वाडग्यात ओतलं आणि मोहर टाकली. फस्सकन तांबूस धूर निघाला. "सोनं तेजाबाला दाद देत नाही," ती म्हणाली, "पितळ आहे मेलं!"

मी वाडगा तसाच चौकात नेला. बाबा शांतपणे हसले. "अश्रद्धेचा हात लागला की सोन्याचंही पितळ होतं, बाळा." आणि जन्मभर पितळ घासलेल्या निम्म्या गल्लीने माना डोलावल्या! दुसऱ्या दिवशी बाबा पसार झाले. तरीही काही जण म्हणाले, बाबा आमच्यावर रुसले.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण मधल्या चार महिन्यांत रोगाने छाती पोखरली होती. दादाला सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि धाप आवरत विचारलं, "उरलेल्या दोन कधी मिळतील रे?" तिसऱ्या दिवशी तो गेला.

लोकहो, त्या भामट्याला शिव्या घालून मला मोकळं होता येत नाही. जे ओळखायला शाळा लागत नव्हती, ते आम्ही चाळीस घरांनी ओळखलं नाही, कारण आमचे हात जोडलेले होते. कुणी चमत्कार दाखवला तर आधी प्रश्न विचारा. आमच्यापैकी एकाने जरी विचारला असता, तरी माझा दादा वाचला असता.