शिट्टीसरांचा बाप्तिस्मा

शिट्टीसरांनी बाप्तिस्म्याची तयारी न्हाणीघरात सुरू केली. बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा आणि बायकोने दाराबाहेर स्टॉपवॉच धरून उभं राहायचं.

"अठ्ठेचाळीस!" ती ओरडायची. "अहो, पाळक तुम्हाला दोन सेकंद बुडवणार आहेत. तिथे बिऱ्हाड करायचं नाहीये."

"तयारी दांडगी हवी," सर नाक शिंकरत म्हणायचे.

चौतीस वर्षं सरांनी तरणतलावावर अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं. गळ्यात शिट्टी, हातात बांबू, नाकावर राग. पण तलावाचा एक नियम होता: शिक्षकाने दरवर्षी ठरलेल्या वेळात चार फेऱ्या मारून दाखवायच्या. यंदा सरांना अकरा सेकंद जास्त लागले आणि नोकरी गेली. शिट्टी तेवढी गळ्यात राहिली.

हे त्यांना इतकं लागलं, की महिनाभर त्यांनी शेजाऱ्यांना पत्ता लागू दिला नाही. रोज सकाळी टॉवेलची पिशवी काखोटीला मारून निघायचे आणि बायकोच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचे, कारण तिथे त्या वेळी कुणी नसायचं. असायचे ते फक्त पाळक. आणि पाळक म्हणजे कोण, तर सरांचा सर्वांत ढ विद्यार्थी! आठ वर्षांचा असताना तो पाण्यात पडला की थेट तळ गाठायचा. म्हणून सरांनीच त्याचं नाव 'धोंडा' ठेवलं आणि चौथ्या दिवशी त्याला वर्गातून काढून टाकलं.

धोंड्याने मात्र सरांना चर्चमधून काढलं नाही. तो रोज शेजारी येऊन बसला, येशूविषयी बोलला. सरांना सगळं पटलं, एकच गोष्ट घशाखाली उतरेना.

"म्हणजे देवाने मला आधीच आपलं म्हटलंय? मी काही करून दाखवायच्या आधीच?"

"आधीच, सर."

"चाचणी न घेता?"

"चाचणी न घेता."

"अशाने बेशिस्त माजेल," सर म्हणाले. मनातून मात्र ते घाबरले होते. चाचणीच नसेल, तर आपण पास झालो हे कळायचं कसं? आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत हे कोण सांगणार? म्हणून त्यांनी ठरवलं, बाप्तिस्मा असा देखणा घ्यायचा, की आपली निवड चुकली असं वरच्याला वाटता कामा नये.

रविवारी चर्च भरलं. पुढच्या हौदात पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे होते, जरा धास्तावलेलेच, कारण पाण्याची भीती अजून गेली नव्हती. पांढरा झगा घालून सर उतरले. झग्याखाली शिट्टी होतीच. पहिल्या बाकावर बायको स्टॉपवॉच घेऊन बसली होती. नाही म्हटलं असतं, तर सर रुसले असते.

पाळकांनी पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेऊन सरांना मागे लवंडलं. आणि सर बुडेनात! चौतीस वर्षांची सवय ती. छाती फुगली, पाय आपोआप वर आले आणि सर फळीसारखे तरंगू लागले. पाळकांनी खांदा दाबला की पाय वर, पाय दाबले की डोकं वर. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"कमरेतून जोर लाव," सर पुटपुटले. "शिकवलं होतं ना?"

"तीनच दिवस," पाळक धापा टाकत म्हणाले. "सर, तुम्ही काहीच करू नका."

"काहीच न करायची पद्धत कोणती?"

पाळकांनी त्यांना उभं केलं आणि कानाशी तोंड नेलं. "मला वर्गातून काढलंत, त्याच दिवशी मी खोल पाण्यात गेलो होतो. तुम्ही कपड्यांसकट उडी मारलीत."

"आठवतंय. नुसते हातपाय झाडत होतास. अशाने वाचवणाऱ्याला धरताच येत नाही. दमून गप्प पडलास, तेव्हा कुठे काढता आलं."

"काढायच्या आधी माझ्या फेऱ्या मोजल्या होत्या का?"

"वेडा आहेस का? पोर बुडत होतं!"

हे शब्द सरांच्याच तोंडातून निघाले आणि सरांच्याच कानांवर पडले. महिनाभर आपणही हातपायच झाडत होतो, आणि कुणीतरी केव्हाच कपड्यांसकट उडी मारून आपल्यापाशी आलं होतं, हे त्यांना आत्ता कळलं. छाती फुगवायचं राहूनच गेलं. धोंड्याच्या हातांवर त्यांनी सगळं वजन टाकलं आणि ते बुडाले, अगदी धोंड्यासारखे.

वर आले ते ठसकत, खोकत, नाकातोंडात पाणी जाऊन. नवशिक्यालाही शोभलं नसतं. चर्चमध्ये टाळ्या पडल्या. बायको डोळे पुसत होती. बटण दाबायचं तिला सुचलंच नव्हतं, आणि सरांनीही वेळ विचारली नाही.

पायरीवर पुढची म्हातारी थरथरत उभी होती. "सर, मला पोहता येत नाही हो. आत काय करायचं?"

"काही नाही, आजी. मला पाहिलंत ना? मी काही म्हणजे काहीच केलं नाही!" सरांनी हे अशा ऐटीत सांगितलं, जणू त्यातही पहिला नंबर आला होता.

बायकोने डोळे वटारले. सर ओशाळले. मग गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी मुठीत धरली आणि आजींना हात देत हळूच म्हणाले, "बुडा खुशाल. काढणारा फेऱ्या मोजत नाही."