उजव्या वळणावरचा हॉर्न

"बुझ जा! गुणाजी, राग आवर! डोळा मीट!"

कुंडलिक महाराजांनी हात उंचावला, शिष्यांनी घंटा बडवल्या आणि इंजिन सुरू असलेल्या टॅक्सीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा खरोखरच विझला. जोगेश्वरीच्या त्या चाळीच्या अंगणात जमलेल्या गर्दीने एकदम श्वास सोडला. पुढच्यांनी हात जोडले. मागच्यांना काही दिसलंच नव्हतं, म्हणून त्यांनी जास्तच भक्तिभावाने जोडले.

"खोल डोळा!" महाराज गरजले. दिवा पुन्हा लागला.

"पाहिलंत?" महाराज गर्दीकडे वळले. "डॉक्टर लोक म्हणतात करंट, करंट. अहो, करंट म्हणजे काय? आत्मा! प्लस म्हणजे पुण्य, मायनस म्हणजे पाप. या गाडीत मायनस वाढलंय! बॅटरीत पाणी असतं की नाही? आणि पाण्यावाचून पितर राहतील कुठे?"

गर्दीने माना डोलावल्या. सखुबाई मासेवालीने तर पाटी खाली ठेवून टॅक्सीला लोटांगणच घातलं.

पद्मजा दारातच उभी होती. टॅक्सी तिच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, गुणाजींची. गिरणी सुटल्यावर मालवणची जमीन विकून त्यांनी ती घेतली होती आणि मागच्या हिवाळ्यात ते अचानक गेले. आता धाकटा भाऊ नंदू गाडी चालवत होता. त्याला स्टिअरिंग फिरवता येत होतं, पण बॉनेटखाली काय असतं याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. पद्मजा हायस्कुलात शास्त्र शिकवायची. घर दोघांच्या कमाईवर उभं होतं.

पावसाळा संपल्यापासून गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली होती. रस्ता सोडून चाळीत शिरायच्या उजव्या वळणावर हॉर्न आपोआप वाजायचा. नेमका तिथेच गुणाजी रोज हॉर्न द्यायचे आणि आई, अंजनाबाई, चहाचं आधण ठेवायची. पहिल्यांदा तो आपोआप वाजला तेव्हा आई गॅलरीत धावली होती. "नंदू, तुझो बापूस इलो रे!" म्हणून ती ढसाढसा रडली होती. पाठोपाठ डॅशबोर्डवरचा लाल दिवा वेळी-अवेळी लागू लागला. नंदूने गाडी साकीनाक्याला रतनच्या गॅरेजमध्ये नेली. रतनने अर्धा दिवस ती उघडून पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "वायरिंग ओके आहे यार. हे माझ्या पान्याचं काम नाही. माझ्या ओळखीचे एक महाराज आहेत…"

ते महाराज आता प्रश्न विचारत होते.

"गुणाजी, तूच आहेस ना?"

हॉर्न वाजला.

"तुला मुक्ती हवी?"

हॉर्न वाजला.

"ही गाडी घरात राहिली तर मुलाचा घात होईल?"

हॉर्न इतका लांब वाजला की अंजनाबाईने पदर तोंडात कोंबला. पद्मजाच्याही अंगावर काटा आला. अण्णांचा हॉर्न होता तो. तिने हजारदा ऐकलेला.

"अमावास्येच्या आत गाडी घराबाहेर गेली पाहिजे," महाराजांनी निकाल दिला. "रतन माझा शिष्य आहे. त्याच्याकडे द्या, तो हा भार झेलेल. त्याला काय हौस आहे? पण कुणीतरी विष प्यायलाच हवं!"

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या रतनने नम्रपणे मान खाली घातली. विष प्यायला तो अगदी तयार दिसत होता.

रात्री जेवण कुणालाच गेलं नाही. नंदूने ताट सारलं. "ताई, देऊन टाकूया. गिरणीत बदली कामगार म्हणून लागेन कुठेतरी."

"देऊ," पद्मजा म्हणाली. "पण एक सांग. अण्णांना बोलायचं होतं, तर रतन सीटवर बसल्यावरच का बोलले? मी दारात, तू बॉनेटजवळ, आई ओट्यावर. आपल्यापैकी कुणाशी का नाही?"



दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच पद्मजा टॅक्सीत नंदूच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. चाळीच्या वळणावर हॉर्न वाजला. "पुन्हा घे," ती म्हणाली. पुन्हा वाजला. मग म्हणाली, "आता अंधेरीकडे चल. एका जागी असाच उजवीकडे कापून वळ."

नंदूने एका गोडाऊनच्या फाटकात गाडी उजवीकडे वळवली. हॉर्न वाजला. डावीकडे वळवली. गप्प. पुन्हा उजवीकडे. वाजला.

"अण्णा इथे कधी आले होते रे?"

"नाही गं."

"मग इथे कुणासाठी वाजवतायत?"

नंदू ओशाळला. "खरं सांगू? हे आधीपण व्हायचं. यू-टर्न घेताना वाजायचा. पण तिथे कुणी ओळखीचं नसायचं ना, म्हणून ध्यानातच घेतलं नाही मी."

"तेच तर! आपल्या वळणावर वाजला तेवढा आपण मोजला, बाकीचे सोडून दिले."

गाडी बाजूला लावून पद्मजाने साडीचा पदर खोचला आणि स्टिअरिंगच्या दांड्यापाशी वाकली. हॉर्नच्या बटणाकडून खाली येणारी वायर एका जागी घासली जाऊन तिचं रबर निघालं होतं आणि आतली तांब्याची तार उघडी पडली होती. चाक उजवीकडे पुरतं फिरवलं की ती तार लोखंडाला टेकायची. बटण दाबल्यावर जे होतं तेच बटण न दाबता व्हायचं.

"आयला!" नंदू म्हणाला आणि बहिणीसमोर म्हणालो म्हणून जीभ चावली.

लाल दिव्याने मात्र तिला घाम फोडला. दिवे, वायपर, सगळं एकेक लावून, बंद करून पाहिलं. काही जमेना. शेवटी इंजिन सुरू ठेवून ती नुसतीच दिव्याकडे बघत बसली आणि कंटाळलेल्या नंदूने चाळा म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. दिवा विझला. पाय उचलला, दिवा लागला.

पद्मजा खुदकन हसली. दहावीच्या वर्गाला ती डायनामो दर वर्षी शिकवायची. जोरात फिरला तर वीज जास्त, हळू फिरला तर कमी. हा दिवा उजेडासाठी नव्हता, तक्रारीसाठी होता. डायनामो पुरेशी वीज देत नसला की तो लागतो, देऊ लागला की विझतो. तिने बॉनेट उघडून डायनामो फिरवणारा पट्टा बोटाने दाबला. तो जुन्या नाडीसारखा लोंबत होता.

"आत्ताच टेप गुंडाळू का?" नंदूने विचारलं.

"नको. महाराजांना बोलावलंय ना परवा? येऊ देत."

ठरल्या दिवशी गर्दी दुप्पट होती. रतन गाडीचे कागद न्यायलाच आला होता. तो सीटकडे निघाला, तोच पद्मजा आधी जाऊन बसली.

"महाराज, आज मी बसते. शेवटचं बोलून घेते अण्णांशी."

महाराज दचकले. "नको, नको! बाईची सावली पडली तर आत्मा खवळेल!"

अंजनाबाई गर्दीतून पुढे आली. "माझ्या घोवाक माझ्याच चेडवाची सावली बाधतली? ह्या कोणी सांगला तुका? बस गो पद्मजा!"

नंदूने इंजिन सुरू करून दिलं. लाल दिवा लागला. पद्मजाने दोन्ही पाय सीटवर उचलून मांडी घातली. "विझवा, महाराज."

"बुझ जा!" महाराज ओरडले. घंटा वाजल्या. दिवा तसाच.

"बुझ जा! बुझ जा गुणाजी! अरे, बुझ जा रे!" महाराजांच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं. दिवा काही ऐकेना.

"मोठ्याने म्हणा की, घंटांमुळे ऐकू जात नसेल," मागून कुणीतरी सुचवलं आणि पहिलं हसू फुटलं.

"सखुबाई, इकडे ये," पद्मजाने हाक मारली. सखुबाईला आपल्या जागी बसवून तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. "दाब आता."

सखुबाईने दाबला. इंजिन घुमलं, दिवा विझला. सोडला, लागला. तिने तीन-चारदा करून बघितलं. "अगो बाय! मीच महाराज!"

चाळ खदखदून हसली. घंटा कशासाठी होत्या हेही आता लोकांना कळलं. इंजिनचा आवाज वाढलेला ऐकू येऊ नये म्हणून.

"आणि हा हॉर्न," पद्मजा पुन्हा सीटवर बसत म्हणाली. "एकदा वाजला तर हो, दोनदा वाजला तर नाही. अण्णा, हे महाराज खरे आहेत का?" तिने चाक दोनदा उजवीकडे पुरतं फिरवलं.

हॉर्न दोनदा वाजला.

मग तिने एकेकाला बोलावून ती उघडी तार दाखवली, पट्टा दाबायला दिला. पोरं रांग लावून चाक फिरवू लागली. या गडबडीत महाराज घंटांसकट नाहीसे झाले. रतनला मात्र निसटता आलं नाही. नंदूने त्याचा खांदा धरला होता.

"तू गाडी उघडून बघितली होतीस. तुला सगळं दिसलं होतं ना?"

रतनने मान वर केली नाही. "दिसलं होतं," तो पुटपुटला. चाळीतल्या लोकांनी त्याला हात लावला नाही, पण फाटकापर्यंत असं काही पोचवलं की साकीनाक्याला पोचेतो त्याचे कान गरम राहिले असतील.

अंगण हसत होतं, अंजनाबाई मात्र बॉनेटवर हात ठेवून उभी होती. पद्मजा तिच्याजवळ गेली.

"मगे तुझे अण्णा नाय होते तर," आई हळूच म्हणाली.

"नव्हते गं."

"मगे ते खय गेले?"

पद्मजाने आईचा हात धरला. "ते मला नाही माहीत, आई. कुणालाच माहीत नाही. पण माहीत आहे म्हणून सांगत जो गाडी मागायला येतो, त्याला उभं करायचं नाही, एवढं मला कळतं."

आईने डोळे पुसले आणि गर्दीकडे वळून ठणकावलं, "ऐकलास मां सगळ्यांनी? गाडी बिघाडली तर वायर बघा. माणूस गेला तर रडा. पण रडताना घरात चोर घेव नका!"

नंदू टेपची गुंडाळी घेऊन स्टिअरिंगखाली शिरला होता. पद्मजाने त्याच्या हातात पक्कड दिली आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "यात माझी काही हुशारी नाही. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि काय होतं ते डोळ्यांनी बघा. घाबरवणारा कितीही मोठ्याने बोलला तरी त्याला एवढंच विचारा: तुमच्या माणसाऐवजी मी बसू का सीटवर? जो खरा असेल, तो बसू देईल."