पिवळा रुमाल लाल झाला तेव्हा

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर पाप ओळखून दाखवणारी माई. समोर पाण्याचं घंगाळ, हातात पिवळाधमक रुमाल.

"अंगावरून पांढरं जातं? खाज सुटते? आग होते?" माई आवाज चढवून विचारत होती. "मन मळलं की अंग नासतं, मुलींनो! जीभ खोटं बोलेल, माझा रुमाल बोलणार नाही!"

तक्रार सांगेल तिला माई पुढे बोलवी. ती घंगाळात हात बुडवी, ओल्या हाताने माईने दिलेला नवा पिवळा रुमाल धरी आणि रुमाल लालभडक होई. "अगं बाई!" सभागृह शहारे.

मागच्या रांगेत शिवणकाम करणारी ताई दातओठ खात बसली होती. गेल्याच महिन्यात याच घंगाळात तिच्या धाकट्या बहिणीने हात घातला होता. सासूनेच आणलं होतं तिला. रुमाल लाल होताच सासू भर सभेत ओरडली, "कुठे शेण खाल्लंस गं?" आणि सुनेला थेट ताईच्या दारात आणून सोडलं. सोबत माईची मंतरलेल्या पाण्याची बाटली. आतून धू, पाप निघेल! धाकटी मुकाट्याने धूत राहिली. मग तिला बसवेना. लघवीला गेली की डोळ्यांत टचकन पाणी. शेवटी ताईने तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दह्याच्या कवडीसारखं जातं? खाजही आहे?" तपासून बाई म्हणाल्या, "हा बुरशीचा संसर्ग. कुणालाही होतो, लग्न न झालेल्या मुलीलासुद्धा. पातळ, करडं, माशासारखा वास येणारं असेल तर औषध वेगळं. हिरवट, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. आणि वास नाही, खाज नाही, नुसतं थोडं पांढरं जातं, तर तो रोगच नव्हे."

"मग एवढी आग?" ताईने बाटली पुढे केली.

बाईंनी जेवणाच्या डब्याच्या फडक्यावर चार थेंब टाकले. फडक्यावरचा हळदीचा डाग क्षणात लाल झाला.

"धुण्याचा सोडा!" बाई कडाडल्या. "अगं, योनिमार्ग आपली स्वच्छता आपणच राखतो. तिथे आत साबणही घालायचा नसतो, आणि ही माई सोडा ओतायला सांगते?"

साखर वाढली की बुरशी बळावते, म्हणून बाईंनी रक्तातली साखर तपासली, आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, सैल सुती कपडे घालायला सांगितले. धाकटी बरी झाली. ताईच्या मनातली आग मात्र तशीच होती.

आज ती उठली आणि तडक पुढच्या रांगेत, धाकटीच्या सासूसमोर गेली. "विहीणबाई, तुमचाही हात बघू की!"

"त्यांना काय गरज? त्या पुण्यवान!" माई घाईघाईने म्हणाली.

"मग भीती कसली?"

"मी कशाला भिऊ?" म्हणत सासू तोऱ्यात व्यासपीठावर चढली. हात बुडवला. माईने रुमाल मागे ओढला, तो मागोमाग चढलेल्या ताईने हिसकावून सासूच्या मुठीत कोंबला. लाल! सासूचा चेहरा पांढराफटक पडला. ताईला गुदगुल्या झाल्या.

"माझ्या बहिणीला काय म्हणालात ते आता स्वतःला म्हणा. मोठ्याने!"

सासूने रुमाल फेकला. ताईने तो उचलला. मग ताईने माईचं मनगट धरून घंगाळात दाबलं, रुमालाची उरलेली पिवळी बाजू तिच्या तळव्यावर घासली. तीही लाल.

"रुमाल हळदीत रंगवलाय, पाण्यात सोडा आहे! सोड्याने हळद लाल होते." तिने पिशवीतून लिंबू काढून रुमालावर पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळे. "घ्या, धुतलं सगळ्यांचं पाप!"

सभागृह हसलं आणि मग खवळलं. कुणीतरी बोलावलेले पोलीस आले नसते तर बायकांनी माईला तिच्याच बाटल्यांनी न्हाऊ घातलं असतं.

सासू, ताईबरोबर येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या सुनेकडे गेली. "चल बाई घरी."

"यायचं की नाही ते मी ठरवेन," धाकटी म्हणाली. "तोवर तुम्ही वाट बघा."

ताई गर्दीकडे वळली. "बायांनो, घसा दुखला तर आपण पाप शोधत नाही, डॉक्टर गाठतो. हेही तसंच दुखणं आहे. लाजायचंच असेल तर या माईने लाजावं. आपण तपासून घ्यायचं."